तिसरी सुनावणी

वॅफलच्या साच्यात पीठ ओतून सुन्निवानं झाकण दाबलं आणि तेवढ्यात हालवारचा फोन आला. शुक्रवारी दुपारी ऑफिसात वॅफल करायची पाळी या आठवड्यात तिची होती. एका हातानं साच्याची मूठ धरून तिनं फोन कानाशी लावला.

"चांगली बातमी आहे," हालवार म्हणाला. सोमवारी उभ्या राहणाऱ्या खटल्यात तो विरुद्ध बाजूचा वकील होता. "माझा म्हातारा तडजोडीला तयार झालाय. होडीघराची किल्ली बहिणीला परत. ती आहे तोवर तिची होडी तिथंच राहील, सगळं लेखी. फक्त तिच्या पश्चात मुलीला हक्क नाही. सोमवारी सकाळपर्यंत विचार करा."

"मुलीचा मुद्दा आमच्यासाठी..."

"मुलगी ऑस्लोला राहते, सुन्निवा. होडी वल्हवायची कुठल्या तोंडानं, तेही तिला ठाऊक नसेल. इंगवाल्ड दमलाय गं. तुझी बाईसुद्धा दमली असेल."

कळवते, असं म्हणून तिनं फोन ठेवला. साच्यातून धूर यायला लागला होता. तिनं झाकण उघडलं, काळं पडलेलं वॅफल काट्यानं सोडवलं आणि तशीच त्याच्याकडे बघत उभी राहिली.

बातमी खरोखरच चांगली होती. अशिलानं जे मागितलं होतं त्यातलं बहुतेक सगळं न भांडता मिळत होतं. पण सुन्निवाला ती नकोशी वाटली. वकिलीची सनद हवी तर उमेदवारानं तीन सुनावण्या स्वतः, शेवटच्या युक्तिवादापर्यंत चालवाव्या लागतात. तिच्या दोन झाल्या होत्या. तिसरी काही केल्या होत नव्हती. एक खटला कोर्टाच्या पायऱ्यांवर मिटला, दुसरा वादी-प्रतिवादी एकाच लग्नाला गेले तिथं मिटला. आमच्या या किनाऱ्यावर माणसं कोर्टात जातात ती बहुधा तडजोड कुठं करायची ते न सुचल्यामुळे. गावाला ते बरंच आहे, पण उमेदवार वकिलाचा त्यात जीव जातो. वर्ष संपलं की तिचा उमेदवारीचा परवानाही संपणार होता, आणि डिसेंबरपर्यंत दुसरा खटला तिच्या टेबलावर नव्हता.

जळकट वासानं गाउते स्वयंपाकघरात आला. पाटीवर त्याचं नाव होतं आणि सुन्निवा त्याच्या हाताखाली शिकत होती.

"जाळलंस?"

"हालवारचा फोन होता. तडजोड करतायत."

गाउतेनं जळलेलं वॅफल सुरीनं खरवडलं, त्यावर जाम फासला आणि एक घास घेतला.

"कळवायला हवं," तो म्हणाला. "त्यात दोन मतं नाहीत. आता कसं कळवायचं, हे काही कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. इंगवाल्ड घाबरलाय म्हणालीस तर तुझी बाई एक ऐकेल, दमलाय म्हणालीस तर दुसरं."

"तू काय म्हणाला असतास?"

"मला सनद मिळून जमाना झाला. मला काय विचारतेस?" त्यानं बोटाचा जाम चाटला. "जानेवारीत ती ट्रॉन्हाइमची मुलगी येतेय. सनद घेऊन येतेय. दोघींना पुरेल एवढं काम आपल्याकडे नाही, तुला माहीत आहे."

हे तो ओरडून म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो अगदी मायेनं म्हणाला. वर उत्तरेत तिची आई गावातल्या दुकानात, पोस्टात, चर्चच्या दारात सगळ्यांना केव्हापासून सांगत होती की आमची सुन्निवा वकील झाली. ती नाहीच झाली तर ते त्याच दुकानात, पोस्टात आणि चर्चच्या दारात परत सांगावं लागणार होतं.

शनिवारी ती फेरीबोटीनं आपल्या अशिलाकडे, योरुनकडे गेली. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आपला आवाज आपल्यालाच कळत नाही, असं तिला वाटलं, आणि गाउतेचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं.

योरुनचं घर खाडीच्या अलीकडच्या काठावर होतं. पलीकडे उतारावर तिच्या भावाचं, म्हणजे इंगवाल्डचं शेत, वर पांढरं घर, खाली पाण्याला लागून लाल होडीघर. सगळा खटला खिडकीतून दिसायचा. दोघांचा बाप जाण्याआधी जेवणाच्या टेबलावर म्हणाला होता की शेत इंगवाल्डचं, पण होडीघर योरुनचं. कागद नव्हता. इतकी वर्षं कुणाला कागदाची गरजही पडली नव्हती. मग गेल्या वसंतात इंगवाल्डनं दाराला कुलूप लावलं. मासेमारीला येणाऱ्या जर्मन पाहुण्यांना तो होडीघर भाड्यानं देणार, असं योरुनच्या कानावर आलं. ती भावाकडे गेली नाही. ती सरळ फेरीबोट पकडून गाउतेच्या ऑफिसात आली आणि म्हणाली, मला वकील पाहिजे, बाईमाणूस असेल तर बरं.

"बस," योरुन म्हणाली. उभं आयुष्य तिनं खारवलेल्या माशांच्या कारखान्यात काढलं होतं. हात अजून लालच होते. "कॉफी झालीच आहे. तोंड का असं केलंयस? हरलो की काय आधीच?"

सुन्निवानं टेबलावर कागद ठेवला आणि हालवारचा प्रस्ताव शब्द न् शब्द वाचून दाखवला. इंगवाल्ड दमलाय, हेसुद्धा तिनं सांगितलं. काही म्हणजे काही गाळलं नाही.

"माझा सल्ला असा, की हे घे," ती म्हणाली. "कोर्टात याहून जास्त मिळेलच असं नाही."

योरुन खिडकीतून पलीकडे बघत होती. "दमलाय म्हणे. लावताना नाही दमला कुलूप!"

"अजून एक गोष्ट तुला कळायला हवी." सुन्निवानं कप बशीत नीट ठेवला. हे सांगणं तिचं कर्तव्य होतं. अशिलाच्या कामात वकिलाचा स्वतःचा काही स्वार्थ असेल तर तो उघड करायचा, हे तिनं परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. "हा खटला पूर्ण चालला तर माझी तिसरी सुनावणी होईल आणि मला सनद मिळेल. मिटला तर नाही. त्याचा माझ्या सल्ल्यावर परिणाम नाही. पण तुला माहीत असावं म्हणून सांगितलं."

योरुन तिच्याकडे वळली.

"आणि नाही मिळाली तर?"

"तर बघू. दुसरं काहीतरी."

"दुसरं काय?"

योरुननं उठून तिच्या कपात कॉफी ओतली, तपकिरी चीजचा काप पावावर ठेवला आणि ताटली तिच्यापुढे सरकवली.

"मला शिक्षिका व्हायचं होतं," ती म्हणाली. "व्होल्डाच्या कॉलेजात नावही घातलं होतं. पहिलं वर्ष झालं आणि आई पडली. म्हटलं, एक हिवाळा घरी राहीन. त्या हिवाळ्याचा कारखाना कसा झाला ते कळलंच नाही बघ." ती हसली. "चालवू आपण. त्यानं कुलूप लावताना मला विचारलं नाही, आता मी काढताना त्याला कशाला विचारू?"

"माझ्यासाठी नको करूस."

"तुझ्यासाठी कोण करतंय? मोठी आलीय! खा."

सुन्निवानं पाव खाल्ला. तडजोड स्वीकार, हे तिनं एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. जीभ टाळूला चिकटलेल्या चीजशी झटत राहिली आणि तिनं त्या चीजचाच आधार घेतला. परतीच्या बोटीवर तिला इतकं हलकं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. तरी तो हलकेपणा काही गेला नाही. त्या रात्री आणि रविवारी दिवसभर तिनं अंतिम युक्तिवाद लिहिला, आणि तो चांगला लिहिला.

सोमवारी कोर्टाच्या व्हरांड्यात दोन्ही बाजू एकाच कॉफीच्या यंत्रापुढे रांगेत उभ्या होत्या. इंगवाल्ड उंच, वाकलेला, नव्यानं दाढी केलेला. त्यानं बहिणीकडे पाहून मान हलवली. योरुननंही हलवली. हालवारनं सुन्निवाकडे पाहून भुवया उंचावल्या आणि तिनं नकारार्थी मान हलवली.

"का पण?" तो खरंच चकित झाला होता.

"अशिलाची इच्छा," सुन्निवा म्हणाली, आणि काळ्या गाऊनची बटणं लावायला लागली.

न्यायाधीश बाई निवृत्तीला आलेल्या होत्या आणि चष्म्यावरून बघायच्या. काम सुरू करण्याआधी इथं प्रत्येक न्यायाधीश विचारतो तसं त्यांनीही विचारलं, की समेटाची काही शक्यता उरली आहे का. इंगवाल्ड खुर्चीतून अर्धवट उठला आणि हालवारनं कोपर धरल्यावर परत बसला. योरुननं टेबलाखाली सुन्निवाच्या पायाला पाय लावला.

"नाही," सुन्निवा म्हणाली.

सकाळ तिची होती. प्रास्ताविक करताना तिचा आवाज एकदाच कापला आणि मग नाही. योरुनची साक्ष साधी आणि स्वच्छ झाली. मग इंगवाल्ड कठड्याशी आला, खरं सांगेन असं बोलून बसला आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवून वाट बघू लागला. हालवारनं त्याला फार काही विचारलं नाही. सुन्निवा उठली.

वडील टेबलावर काय म्हणाले होते? आठवत नाही. होडीघराचं छप्पर दुरुस्त कुणी केलं? आपण स्वतः. पत्रे कुणी आणले? योरुननं. कुणाच्या पैशानं? तिचेच असतील. दुसऱ्याच्या होडीघरावर कुणी पत्रे घालतं का? नसेल घालत. एकेक उत्तर तिच्या बाजूला येऊन पडत होतं. न्यायाधीश बाई लिहीत होत्या. वकील व्हावं असं तिला वयाच्या पंधराव्या वर्षी वाटलं होतं ते याच्यासाठीच, हे तिला त्या क्षणी अंगभर कळलं. आणि त्या भरात तिनं, जे कधी करू नये असं गाउतेनं तिला शंभरदा बजावलं होतं, तेच केलं. उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारला.

"मग कुलूप का लावलंस?"

इंगवाल्डनं आधी हालवारकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"मार्गोत गेल्यापासून," तो म्हणाला. मार्गोत त्याची बायको. "मार्गोत गेल्यापासून ही वर घरी यायची बंद झाली. होडीसाठी यायची. खाली यायची, होडी काढायची, जाळं टाकायची, होडी लावायची, जायची. मी खिडकीतून बघायचो. रोज कॉफी टाकायचो जास्तीची. मला वाटलं, कुलूप लावलं तर किल्ली मागायला तरी वर येईल."

न्यायाधीश बाईंचं पेन थांबलं होतं.

सुन्निवाच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते असं: कबूल केलं यानं. हक्क तिचाच आहे हे माहीत होतं, हे कोर्टापुढे कबूल केलं. जिंकलो. दुसरं जे काही मनात यायला हवं होतं ते त्याच्यानंतर आलं, थोडं उशिरा, आणि तो उशीर तिच्या लक्षात आला.

"अरे ठोंब्या," योरुन जागेवरून म्हणाली. "हाक मारायची होती की."

"तू यायची नाहीस."

"मार्गोतच्या माघारी तुझ्या घरात काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. म्हणून नव्हते येत."

"मला तरी कुठं सुचतंय," इंगवाल्ड म्हणाला.

न्यायाधीश बाईंनी मध्यंतर जाहीर केलं. व्हरांड्यात दोघं बहीणभाऊ बाकावर बसले. योरुननं पिशवीतून डबा काढला, तेलकागदात बांधलेले पाव बाहेर काढले आणि एक त्याच्या हातात दिला. तो चावत होता आणि ती त्याच्या कोटावरचे तुकडे झटकत होती. हालवार यंत्राशी उभा राहून कॉफी ढवळत होता.

"गेली तुझी सुनावणी," तो हळूच म्हणाला. त्यात खवचटपणा नव्हता. "माझीही तिसरी अशीच दोनदा गेली होती. वाईट वाटतं मला."

"छान झालं की," सुन्निवा म्हणाली. तिला खरंच तसं वाटायला हवं होतं. हातातोंडाशी आलेला घास गेला, एवढंच वाटत होतं.

आत आल्यावर सगळे बसायच्या आधीच योरुन उभी राहिली.

"आमचं मिटलं," ती न्यायाधीशांना म्हणाली. "किल्ली देतोय तो. आणि मुलीचं वगैरे आम्ही घरी बघू. पण एक अडचण आहे. या मुलीचं भाषण राहिलंय. ते झाल्याशिवाय तिला सनद मिळत नाही. ते आधी होऊ दे, मग लिहा मिटलं म्हणून."

सुन्निवानं तिची बाही ओढली. "योरुन, असं नाही करता येत..."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून पुसला. "समेट झाल्याचं मला रीतसर कळवलं, तर मला काम तिथंच थांबवावं लागेल," त्या म्हणाल्या. "मात्र मध्यंतर संपलं असं मी अजून जाहीर केलेलं नाही. मध्यंतरात लोक काय बोलतात ते मी ऐकत नसते." त्यांनी चष्मा घातला. "मध्यंतर संपलं. प्रतिवादीच्या वकिलांना काही सांगायचं आहे?"

हालवारनं आपल्या अशिलाकडे पाहिलं. सगळं आता इंगवाल्डवर होतं.

"बोलू दे पोरीला," इंगवाल्ड म्हणाला. "एवढं लिहिलंय तिनं. ऐकतो मी."

सुन्निवा उभी राहिली. समोर युक्तिवादाची पानं होती. पहिल्या पानावर बापाचं वचन होतं, दुसऱ्यावर पत्रे. तिसऱ्यापासून पुढे कुलूप होतं: प्रतिवादीनं केवळ भाड्याच्या लोभापायी, बहिणीच्या एकटेपणाचा गैरफायदा घेत, ठरवून तिचा हक्क हिरावला. रविवारी हे वाक्य लिहिल्यावर ते तिला इतकं आवडलं होतं की तिनं ते मोठ्यानं वाचून पाहिलं होतं. आता त्यात अक्षरही खरं उरलं नव्हतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. ते गाळता येत होतं. पण ते गाळलं तर मागचा पुढचा सांधा तुटत होता, मधूनच नवं काही सुचेल याची खात्री नव्हती, आणि अडखळत संपलेल्या युक्तिवादाला न्यायाधीश पूर्ण युक्तिवाद म्हणतील का, हेही तिला ठाऊक नव्हतं.

तिनं सुरुवात केली. बापाचं वचन झालं, पत्रे झाले. तिसऱ्या पानाशी ती थांबली, टेबलावरच्या पेल्यातलं पाणी प्याली.

मग तिनं ते वाचलं. लोभ म्हणाली, गैरफायदा म्हणाली, ठरवून म्हणाली. आवाज कापला नाही. इंगवाल्ड नीट ऐकू यावं म्हणून पुढे वाकून बसला होता आणि शाळेतल्या मुलासारखी अधूनमधून मान हलवत होता. एकदा 'एकटेपणाचा' हा शब्द आला तेव्हा त्यानं मान हलवायची थांबवली आणि आपल्या हातांकडे पाहिलं. सुन्निवानं एकही पान वगळलं नाही.

हालवार उठून म्हणाला, की त्याला काही भर घालायची नाही. न्यायाधीश बाईंनी आता विचारलं, पक्षांना काही सांगायचं आहे का, आणि आता मात्र त्यांनी ऐकलं. समेट लिहिला गेला. सह्या झाल्या. सुन्निवानं सुनावणी पूर्ण चालवली, असं प्रमाणपत्र याच आठवड्यात पाठवते, असं बाई तिला म्हणाल्या. ते सांगताना त्या तिच्याकडे बघत नव्हत्या, कागद लावत होत्या.

सुन्निवा गाऊनची घडी घालत असताना इंगवाल्ड तिच्या टेबलाशी आला. त्यानं हात पुढे केला.

"चांगलं बोललीस," तो म्हणाला. "अभिनंदन हो."

तिनं त्याचा हात हातात घेतला. तो थंड होता. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, पण तोवर त्यानं कोट शोधायला पाठ फिरवली होती. दारापाशी योरुन त्याचा कोट धरून उभी होती. सुन्निवानं तिला हाक मारली. योरुन भावाचा हात बाहीत घालायला मदत करत होती. बाही नीट बसेपर्यंत ती मागे वळली नाही, आणि नंतरही नाही.